गेमची लेव्हल आधी कागदावर शिकवावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातील करिअरविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. बारावीनंतर कोणते अभ्यासक्रम उपलब्ध आहेत, कोणती सॉफ्टवेअर शिकावी लागतात, चित्रकला आणि प्रोग्रॅमिंग यांपैकी कशाला किती मागणी आहे, ही माहिती पालकांच्या उपयोगाची आहे आणि ती मराठीत आली याचे मला मनापासून समाधान वाटले. मात्र लेव्हल डिझाइनची, म्हणजे गेमचा एकेक टप्पा आखण्याच्या कामाची, त्यात एका वाक्यात बोळवण झाली असून, 'तयार चित्रे पडद्यावर योग्य जागी मांडण्याचे काम' असे त्याचे वर्णन केले आहे. मी गेली अकरा वर्षे पुण्यात हेच काम करतो आणि चार वर्षांपासून आठवड्यातून एक दिवस ते शिकवतोही. हा समज किती खोलवर रुजला आहे आणि त्याने विद्यार्थ्यांचे किती नुकसान होते, हे मी दर आठवड्याला पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

मी बोलतो आहे ते प्लॅटफॉर्म गेमविषयी, म्हणजे ज्यात पडदा आडवा सरकत जातो आणि खेळाडू एका पात्राला पळवत, उड्या मारायला लावत, खड्डे आणि शत्रू चुकवत शेवटापर्यंत नेतो त्या प्रकाराविषयी. चाळिशीच्या आसपासच्या वाचकांना 'मारिओ' एवढे म्हटले तरी पुरे. १९९०च्या दशकात आपल्याकडे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेम खेळण्याच्या यंत्राच्या स्वस्त नकला बाजारात आल्या आणि शहरांतल्या चाळींपासून तालुक्याच्या गावांपर्यंत असंख्य मुलांनी टीव्हीला जोडून तो गेम खेळला. आमच्याकडे आलेल्या यंत्रासोबत सूचनापुस्तिका नव्हती. पडद्यावरचे मोजके इंग्रजी शब्द आम्हाला कळत नव्हते आणि घरातल्या मोठ्यांना यातले काही ठाऊक नव्हते. तरीही दुपार संपायच्या आत आम्ही सगळे तो खेळायला शिकलो होतो. आम्हाला कोणी शिकवले, या प्रश्नाचे उत्तर मला पुढे या व्यवसायात आल्यावर मिळाले. आम्हाला त्या गेमच्या पहिल्या लेव्हलने शिकवले होते.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. निन्टेन्डोचे डिझायनर शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याच्या लेव्हल्स चौकटींच्या कागदावर हाताने आखल्या होत्या. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता; आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडूप यांना एकच आकार वापरला गेला, बदलला तो केवळ रंग. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून प्रत्येकी चार लेव्हल्सची आठ जगे, म्हणजे ३२ लेव्हल्स उभ्या राहिल्या. 'चित्रे मांडणे' एवढेच हे काम असते, तर मांडायला मुळात फारशी चित्रेच नव्हती.

ती पहिली लेव्हल सावकाश पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जमीन असते, त्यामुळे कोणत्या दिशेने जायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. थोडे पुढे गेल्यावर प्रश्नचिन्ह असलेली एक चकाकणारी चौकट डोक्यावर दिसते आणि समोरून रागीट चेहऱ्याचा एक छोटा प्राणी चालत येतो. खेळाडूने काहीच केले नाही, तर तो धडकतो आणि मारिओ मरतो. परंतु लेव्हलची ही अगदी सुरुवात असल्यामुळे गमावण्यासारखे काही नसते आणि काही सेकंदांत खेळाडू पुन्हा त्याच जागी येतो. दुसऱ्या खेपेला तो उडी मारून पाहतो. ती उडी प्राण्याच्या डोक्यावर पडली तर तो चिरडला जातो हे कळते, आणि वर प्रश्नचिन्हावर डोके आपटले तर त्यातून नाणे निघते हे कळते. काहीही घडले तरी खेळाडूच्या हाती एक नियम लागतो.

पुढच्या चौकटीतून मशरूम बाहेर येते. आता अडचण अशी, की त्या छोट्या प्राण्याचा आकारही बराचसा मशरूमसारखाच आहे आणि खेळाडू नुकताच त्याच्याकडून मेला आहे. तो या नव्या वस्तूला भिऊन पळणार. म्हणून मशरूम उजवीकडे सरकत जाते, जमिनीवर पडते, समोरच्या हिरव्या पाईपला आपटून उलटे फिरते आणि थेट खेळाडूकडे येते. घाबरून उडी मारावी, तर डोक्यावर विटांची रांग आहे. उडी अडते आणि बहुतेक वेळा मशरूम अंगावर येतेच. मारिओ मोठा होतो आणि ही वस्तू चांगली आहे हे खेळाडूला कायमचे समजते. तो पाईप आणि त्या विटा याच जागी असण्यामागे हे कारण आहे. मियामोतो यांनी पुढे मुलाखतीत या मांडणीमागचा विचार स्वतः उलगडून सांगितला आहे.

तो पाईप आणि त्यानंतरचे दोन पाईप क्रमाने दोन, तीन आणि चार चौकटी उंचीचे आहेत. उडीचे बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते, हा नियम खेळाडूच्या बोटांना या तीन पाईपांवरून कळतो. मग पहिला खड्डा येतो, तो दोन चौकटी रुंदीचा, त्यानंतरचा तीन. आणि लेव्हलच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने येतात, ज्यांच्यामध्ये साधी जमीन आहे. उडी चुकली तर खाली पडावे, चालत बाहेर यावे आणि पुन्हा चढावे. ते ओलांडले की लगेच जवळजवळ तशीच दुसरी जोडी येते आणि तिच्या मध्ये खरा, जीव घेणारा खड्डा आहे. आधी सराव आणि मग परीक्षा, तीही एकाच आकारात आणि लागोपाठ. इतक्या वर्षांनंतरही मी वर्गात हा भाग दाखवतो, तेव्हा मला त्यात काही नवे सापडते.

हा क्रम पुढे अधिक शास्त्रशुद्ध झाला. निन्टेन्डोचे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी 'सुपर मारिओ थ्रीडी लँड' या २०११ सालच्या गेमच्या संदर्भात सांगितले होते, की लेव्हल रचताना ते 'की-शो-तेन-केत्सु' ही चिनी कवितेतून जपानी कथनात आलेली चार पायऱ्यांची रचना वापरतात: कल्पनेची ओळख, तिचा विस्तार, अनपेक्षित वळण आणि समारोप. आपल्या वाचकांना ही रीत परकी वाटू नये. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करून सिद्धांत मांडतात आणि उत्तररंगात आख्यानातून तोच प्रसंगात उतरवतात. श्रोत्याला आधी काय हाती द्यायचे आणि मग ते कुठे कसाला लावायचे, याचा विचार तिथेही असतोच.

लेव्हल डिझायनरचे पहिले काम चित्रांचे नसून मापांचे असते. पात्र जागेवरून किती उंच उडते, धावत आले तर किती लांब जाते, हवेत असताना दिशा बदलता येते का, खाली पडताना वेग किती वाढतो, हे चौकटींत मोजून घेतल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. समजा, पात्र धावत येऊन पाच चौकटी ओलांडू शकते. मग सुरुवातीच्या लेव्हल्समध्ये चार चौकटींहून रुंद खड्डा मी ठेवत नाही, कारण पाच चौकटींच्या खड्ड्यावर खेळाडूला अगदी काठावरून, अगदी नेमक्या क्षणी उडी घ्यावी लागते आणि नवख्याला ते साधत नाही. उडी घेण्यापूर्वी उतरण्याची जागा पडद्यावर दिसलीच पाहिजे, हा दुसरा नियम. ती दिसत नसेल, तर त्या उडीला आम्ही आंधळी उडी म्हणतो. ती साधली तरी खेळाडूला स्वतःच्या कौशल्याचे समाधान मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या पहिल्या दहा लेव्हल्सपैकी सात-आठ लेव्हल्समध्ये मला आंधळ्या उड्या सापडतात, कारण त्यांच्या संगणकावर अख्खी लेव्हल एकदम दिसत असते आणि खेळाडूला तिचा एक तुकडाच दिसतो याचे भान सुटते.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची भाची घरी आली होती आणि मी आखत असलेली एक लेव्हल मी तिला जेवणाच्या टेबलावर खेळायला दिली. चार चौकटींचा एक खड्डा होता, पलीकडचा काठ अलीकडच्या काठापेक्षा दोन चौकटी उंच होता आणि उडीचा मार्ग कळावा म्हणून मी खड्ड्यावर पाच नाण्यांची कमान टाकली होती. नाण्यांची अशी कमान म्हणजे 'इथून अशी उडी घ्या' असे सांगणारी खूण असते. ती मुलगी त्या खड्ड्यात लागोपाठ सहा वेळा पडली. दुसऱ्याचा खेळ पाहताना तोंडातून एक शब्दही काढायचा नाही, हा आमच्या कामातला कडक नियम आहे, म्हणून मी गप्प बसलो. सातव्या वेळी तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, "मामा, ते शेवटचं नाणं खाली आहे ना, म्हणून मी तिकडे जाते."

तिचे म्हणणे शब्दशः बरोबर होते. मी कमान दोन्ही बाजूंनी सारखी काढली होती. पलीकडचा काठ उंच असल्यामुळे शेवटचे नाणे काठावर न येता काठाच्या खाली, खड्ड्याच्या आत भिंतीला चिकटून आले होते. मी तिला खड्ड्यात जायला सांगत होतो आणि ती ते इमानाने ऐकत होती. मी ते एक नाणे दोन चौकटी वर सरकवले. बदललेली लेव्हल तिला दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण तोवर तिला तो खड्डा पाठ झाला होता, म्हणून शेजारच्या मुलाला बोलावून बसवले. तो दुसऱ्याच प्रयत्नात पलीकडे गेला आणि तिथे काही अडचण होती हे त्याच्या लक्षातही आले नाही. त्या लेव्हलवर मी तोपर्यंत तीन आठवडे काम केले होते, ती शेकडो वेळा स्वतः खेळलो होतो आणि मला ते नाणे कधीच खटकले नव्हते. स्वतःची लेव्हल स्वतःला दिसत नाही, एवढे मी त्या दिवशी शिकलो आणि तेव्हापासून कोणतीही लेव्हल निदान पाच अनोळखी व्यक्तींना खेळताना पाहिल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

अभ्यासक्रमांमध्ये मला नेमकी हीच गोष्ट आढळत नाही. विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात संगणकासमोर बसतो, तयार झाडे, दगड, काटे पडद्यावर ओढून टाकतो, प्रकाशयोजना करतो, आणि सत्राच्या अखेरीस जी लेव्हल सादर करतो ती छायाचित्रात सुंदर दिसते आणि खेळायला बसले की कोसळते. तिला गुण मिळतात ते दिसण्याचे. दुसऱ्या कोणी ती खेळून पाहिली का, कुठे अडखळले, त्यानंतर काय बदलले, याची नोंद मागितली जात नाही. त्यात भर म्हणजे अवघड लेव्हल तीच चांगली असा एक समज पसरला आहे. काट्यांच्या रांगा, अचानक कोसळणारी छते आणि न दिसणारे शत्रू यांनी भरलेली लेव्हल दाखवताना विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. त्याची उमेद मला मोडायची नसते, पण खरे सांगावेच लागते.

अवघड असण्याला माझा विरोध नाही. निन्टेन्डोने १९८६ साली जपानमध्ये मारिओचा दुसरा भाग काढला, त्यात विषारी मशरूम होते, उडीला उलटसुलट करणारा वारा होता. तो अमेरिकेतील खेळाडूंना फार जड जाईल असे ठरून तिथे १९८८ मध्ये त्याच नावाखाली वेगळाच गेम देण्यात आला आणि मूळ गेम १९९३ मध्ये 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने तिथे पोहोचला. याउलट 'सेलेस्ट' हा २०१८ सालचा गेम पाहावा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या त्याच्या निर्मात्यांनी त्याची पहिली छोटी आवृत्ती चार दिवसांत केली होती. पूर्ण गेम अतिशय कठीण आहे, खेळाडू त्यात शेकडो वेळा मरतो, तरीही तो गेम खेळाडूच्या बाजूचा आहे. पात्र काठावरून पुढे गेल्यानंतरही सुमारे दशांश सेकंद उडीचे बटण चालते. जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी बटण दाबले तरी ती उडी वाया जात नाही. मेल्यावर क्षणात त्याच पडद्याच्या सुरुवातीला परत आणले जाते. ज्यांना तरीही जमत नाही त्यांच्यासाठी वेग कमी करण्यासारख्या मदतीची सोय आहे. कठीण असणे आणि अन्याय करणे यांतील हा फरक विद्यार्थ्याला दाखवून द्यावा लागतो.

लेव्हल्स आता संगणक आपोआप तयार करेल, मग हे शिकायचे कशाला, असा प्रश्न पालक मला विचारतात. गेम डिझायनर डेरेक यू यांचा 'स्पेलंकी' हा गेम २००८ साली आला, त्यात प्रत्येक खेपेला नवी लेव्हल तयार होते. ती कशी होते, तर चार गुणिले चार खोल्यांचे जाळे घेतले जाते, वरून खालपर्यंत जाणारा एक मार्ग आधी निश्चित केला जातो आणि त्या खोल्या हाताने आखून ठेवलेल्या नमुन्यांतून भरल्या जातात. यंत्राला जे नमुने आणि जे नियम द्यायचे, ते कोणाला तरी कळावे लागतात. नवी साधने आली तरी ही गरज संपेल असे मला वाटत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गेम डिझाइन अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन महिन्यांत लेव्हल फक्त कागदावर काढायला लावावी: चौकटींची वही, पेन्सिल, खोडरबर आणि पात्राच्या उडीची मापे. मग ती साध्या चौकोनांत, रंगरंगोटी न करता, संगणकावर उभी करून किमान पाच जणांना खेळायला द्यावी, आणि कोण कुठे पडले याची नोंद त्या कागदावरच लाल पेनाने करावी. अंतिम मूल्यमापनात एकूण गुणांपैकी निम्मे गुण या लाल खुणांच्या वहीला असावेत. निन्टेन्डोच्या २०१५ सालच्या 'सुपर मारिओ मेकर' या गेममध्ये सामान्य खेळाडू स्वतःची लेव्हल बनवून जगाला देऊ शकत होता, पण ती आधी स्वतः पूर्ण करून दाखवल्याशिवाय ती पुढे जात नसे, आणि इतरांपैकी किती टक्के प्रयत्न यशस्वी झाले हे प्रत्येक लेव्हलवर लिहिलेले असे. छंद म्हणून लेव्हल करणाऱ्यांना जी शिस्त लागू होती, ती शुल्क भरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही लागू व्हावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

या सूचनेमागे आणखी एक कारण आहे. मागील वर्षी तालुक्याच्या गावातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून त्याला महागडा लॅपटॉप घेऊन दिला होता, कारण प्रवेशापूर्वीच तो हवा असे त्यांना सांगण्यात आले होते. पहिले चार महिने त्या मुलाने त्यावर जे केले, ते सगळे वहीत होण्यासारखे होते. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलीला या क्षेत्राची ओढ असेल, तर तिची क्षमता आहे की नाही हे लाखभर रुपये खर्च होण्यापूर्वी, वीस रुपयांच्या वहीवर कळू शकते. आपल्या लेखात साधनांच्या किमती दिल्या होत्या. ही वहीसुद्धा त्या यादीत असायला हवी होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कृतिगट नेमला, तेव्हापासून नव्या अभ्यासक्रमांची चर्चा वाढली आहे आणि आपल्या दैनिकासारखी वृत्तपत्रे तिला योग्य वळण देऊ शकतात. गेमविषयी लिहिताना तो किती लोकांनी उतरवून घेतला आणि त्यात किती पैसा आहे, याबरोबरच त्याची एखादी लेव्हल कशी रचली आहे हेही लिहिले जावे. चित्रपटाची, नाटकाची परीक्षणे आपण नेमाने छापता. त्याच आस्थेने एखाद्या गेमची पहिली दहा मिनिटे उलगडून दाखवणारा लेख छापला, तर तो वाचकांना आवडेल याची मला खात्री आहे.

शेवटी एक विनंती. रविवारच्या पुरवणीत आपण मुलांसाठी शब्दकोडे देता, म्हणजे चौकटी छापण्याची सोय आपल्याकडे आहेच. त्याच्या शेजारी एखाद्या रविवारी १६ आडव्या आणि १५ उभ्या चौकटींचे रिकामे जाळे छापावे. मारिओच्या त्या मूळ गेमचा एक पडदा एवढ्याच चौकटींचा होता. खाली एवढेच लिहावे, की पात्र चार चौकटी उंच उडते आणि चार चौकटी रुंद खड्डा ओलांडते, आणि मुलांनी आपली लेव्हल काढून, भावंडाला बोटाने खेळायला लावून, तो कुठे पडला ते लाल खुणेने दाखवून पाठवावी. आलेले प्रत्येक पान मी स्वतः पाहीन आणि प्रत्येक मुलाला दोन ओळींचे उत्तर लिहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक लेव्हल डिझायनर आणि अभ्यागत शिक्षक,
पुणे